इस्त्रीखालची तिजोरी

आमच्या बँकेच्या तीन इमारती झाल्या. गावाला त्यातल्या दोन ठाऊक आहेत आणि आमच्या अध्यक्षांना एकच, त्यांनी स्वतः बांधली ती. काचेची, हायवेला लागून, लिफ्टची. लिफ्ट दोन मजले चढते. मेडशीहून एसटीनं आलेल्या बाया पदर सावरत लिफ्टकडे नुसतं बघतात आणि जिन्यानं वर जातात. मला त्यांचं पटतं. दोन मजल्यांसाठी एवढं अवडंबर कशाला!

दुसरी इमारत बसस्टँडमागची. जाळीचे व्हरांडे, मोझॅकची फरशी, स्ट्राँगरूमला हातभर जाडीच्या भिंती. तिथं मी बत्तीस वर्षं काढली. कारकून म्हणून लागले आणि शाखाधिकारी म्हणून बाहेर पडले. आमच्या वस्तीतून बँकेत जाऊन खुर्चीवर बसलेली मी पहिली. माझ्याआधी आमच्या घरातली आई गेली होती बँकेत, ती इमारतीच्या पायात गिट्टी टाकायला. मी शाखाधिकारी झाले त्या दिवशी तिला केबिनमध्ये आणून बसवलं, तर तिनं आधी भिंतीवर हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "पोपडे नाई आले अजून." हे मी रडून सांगत नाही, कौतुकानं सांगते. इमारत चांगलीच होती.

पण गोष्ट या दोन्ही इमारतींची नाही, त्यांच्या आधीच्या जागेची आहे. ती मला निवृत्त झाल्यावर कळली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढणाऱ्या बाईला स्वतःची एवढी मोठी चूक तिथं सापडावी, हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण जिव्हारी लागलं.

आधी किल्ल्यांचं सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बँकेची तिजोरी एका माणसाला कधीच उघडता येत नाही. तिला दोन कुलपं असतात आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांजवळ असतात. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी दोघांनी मिळून लावायची. बदली झाली किंवा निवृत्ती आली की किल्ली नुसती टेबलावर ठेवून जाता येत नाही. 'चार्ज' द्यावा लागतो. एक यादी असते, तिच्यात एकेक वस्तू लिहिलेली असते. देणारा दाखवतो, घेणारा पाहतो, आणि दोघं खाली सह्या करतात: तपासून दिले, तपासून घेतले. सही झाली की एकाची मान मोकळी होते आणि दुसऱ्याची अडकते.

मी चार्ज दिला तेव्हा मला हार, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर तीन महिने सकाळचे साडेनऊ झाले की माझा हात आपोआप पर्सच्या आतल्या कप्प्यात जायचा. किल्ल्यांचं जुडगं तिथं असायचं. हात रिकामा बाहेर आला की मी सगळी पर्स उलटी करायची. मग आठवायचं, अगं, तू घरी आहेस, भाजी निवड.

अशात गेल्या वर्षी अध्यक्षांचा फोन आला. नव्या इमारतीचं उद्‌घाटन ठरलं होतं, स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यात बँकेचा इतिहास मी लिहावा असं त्यांचं म्हणणं होतं.

"चार पानं होऊन जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "आपल्या बँकेनं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वास्तूत काम सुरू केलं, इथून सुरुवात करा."

"पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं. "त्याआधी कुठंतरी भाड्याच्या जागेत होती म्हणतात ना?"

"म्हणतात तं म्हणू द्या. कागद हाये का? कागद नाही त्याचा इतिहास नाही."

हे वाक्य माझंच होतं. तीस वर्षं मी काउंटरवर लोकांना हेच ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या इमारतीत गेले. सामान हलवायचं चाललं होतं. फायली पोत्यांत भरून ठेवल्या होत्या, सोयाबीन भरावं तशा. मी खुर्ची टाकून एकेक पोतं उलगडायला घेतलं. तिसऱ्या पोत्यात 'किरकोळ' नावाची फाईल निघाली. प्रत्येक ऑफिसात अशी एक फाईल असते. जे कळत नाही ते तिच्यात जातं. तिच्यात मला उर्दूत लिहिलेला एक अर्ज दिसला. बारीक, सरळ ओळींचं अक्षर. वरच्या कोपऱ्यात बँकेचा 'मिळाले' शिक्का, आणि शिक्क्यावर सही माझी.

सही पाहिली आणि माणूस आठवला.

जुन्या बाजारात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे एक टेलर होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी शाखाधिकारी असताना ते दर वर्षी एकदा बँकेत यायचे, आणि तेही मार्चचा हिशोब संपून आमची डोकी ठिकाणावर आली की. दारात चप्पल काढून यायचे. उभ्यानंच सांगायचे, "बाई, तुमची अमानत माह्याजवळ हाये. चार्ज घेऊन टाका." मला वाटायचं, म्हातारपण आहे, काहीतरी बोलतात. गावात बँकेबद्दल प्रत्येकाजवळ एखादी दंतकथा असतेच. एका वर्षी मी वैतागून म्हणाले, "चाचा, तोंडी काही चालत नाही. लेखी द्या." आठवड्यात त्यांनी लेखी दिलं. त्यांची शाळा उर्दूची, त्यांनी उर्दूत लिहिलं. आमच्यात ते वाचणारं कोणी नव्हतं. वाचून घ्यावं असं मलाही वाटलं नाही. शिक्का मारला, सही केली, 'किरकोळ'मध्ये लावलं. त्यानंतर ते आले नाहीत. आपण लेखी दिलं, आता बँक पाहील, असं ते समजले. बँक म्हणजे मी होते.

तो कागद पर्समध्ये घातला आणि तडक जुना बाजार गाठला.

बाजारातल्या त्या ओळीतल्या सगळ्या दुकानांवर लाल रंगाच्या खुणा होत्या. रस्ता रुंद होणार होता; सोमवारी पाडापाडी, असं नोटिशीवर होतं. चाचांच्या दुकानाची पुढची भिंत आणि आतली चार-पाच हात जागा जाणार होती. दुकान ओळखीचंच होतं. माझ्या पोराच्या शाळेच्या पँटी तिथंच शिवल्या होत्या. दारातून आत गेलं की उजव्या हाताला मशीन आणि मागच्या भिंतीला टेकून कमरेएवढं इस्त्रीचं टेबल. त्यावर घोंगडी, घोंगडीवर जळक्या डागांची चादर. माप द्यायला गेलं की पर्स तिथंच ठेवायची पद्धत. मीही ठेवायची.

चाचा ऐंशीच्या पुढं गेलेत, पण पाठ ताठ. मी कागद पुढं केला. म्हटलं, "चाचा, हे वाचून दाखवा मले."

त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला. पहिली ओळ वाचताच माझ्याकडे पाहिलं. मग वाचत गेले, स्वतःचाच अर्ज, उर्दूतून एकेक ओळ मराठीत करत:

"बँकेच्या मोठ्या साहेबाले कळवतो का, तुमच्या पहिल्या तिजोरीची एक किल्ली माह्याजवळ हाये. दुसरी तुमच्याजवळ हाये. तुमी किल्ली घेऊन यावं, दोघायनं मिळून तिजोरी उघडावी, पाहावी, अन मंग माह्याजवळून चार्ज घ्यावा. जागेची अडचन नाई. घाई नाई. जिंदगीचा भरोसा नाई म्हनून लिहून दिलं."

"तिजोरी कुठाय चाचा?" मी विचारलं.

त्यांनी इस्त्री उचलून खाली ठेवली, चादर काढली, घोंगडीची पुढची बाजू वर केली. हिरव्या रंगाचं लोखंडी दार. मधोमध पितळी मूठ, आणि शेजारी-शेजारी दोन कुलपांची भोकं. त्या तिजोरीवर मी वर्षानुवर्षं पर्स ठेवत आले होते.

मग त्यांनी सांगितलं, मशीनच्या स्टुलावर बसून, अगदी रोजचं काही सांगावं तसं. बँक निघाली तेव्हा तिला गावात कोणी जागा देईना. बँक म्हणजे चोरांना आमंत्रण, असं लोकांना वाटायचं. चाचांच्या वडिलांनी दुकानाचा अर्धा भाग दिला. तेव्हा दुकानाला पुढून भिंत नव्हती, नुसत्या फळ्या. आधी तिजोरी आत आणली, आठ माणसं लागली, आणि मग ती सुरक्षित राहावी म्हणून पुढं पक्की भिंत बांधून अरुंद दार बसवलं. तिजोरी आत आणि दार तिच्याहून लहान. बाहेर कशी काढायची, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

बँकेत माणसं दोनच. एक मॅनेजर आणि एक कॅशियर, तो कामरगावहून जाऊन-येऊन करायचा. जीप चुकली की बँक बंद, कारण दुसरी किल्ली त्याच्याजवळ. असं चार-सहा वेळा झालं, लोक दारात ताटकळले, तेव्हा मॅनेजरनं एक दिवस ती किल्ली तरुण चाचांच्या हातात दिली. कायद्यात बसत नव्हतं. पण चाचा तिथंच राहायचे, तिथंच शिवायचे, सकाळी पहिले आणि संध्याकाळी शेवटचे. तेव्हापासून बँक तिथून हलेपर्यंत रोज सकाळी मॅनेजर आणि एक शिंपी मिळून आमची बँक उघडत होते.

"बसस्टँडमागं इमारत झाली तवा गडबड लय होती," चाचा म्हणाले. "मंत्री येऊन राह्यले, मांडव घालून राह्यले. तिजोरी रिकामी केली, दोघायनं मिळून लावली. म्या म्हनलं साहेब, चार्ज घ्या. थे म्हनले, उद्या येतो. आठ दिवसात अकोल्याले दुसरी नोकरी लागली त्यायले. गेले."

"तर मग किल्ली बँकेत नेऊन द्यायची ना, पुढच्या मॅनेजरजवळ!"

"नेली ना. थो म्हनला, ठेवा टेबलावर. म्या नाई ठेवली." चाचांनी सदऱ्याखाली हात घातला आणि कमरेच्या दोऱ्याला बांधलेली लांबोडकी किल्ली बाहेर काढली. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. "मले पहिल्या साहेबानं शिकवलं होतं बाई. किल्ली नुसती देत नसते. उघडून, दाखवून, सही घेऊन देते. उद्या कोनी म्हनलं, आत दहा हजार होते, तं म्या कायच्यावर दाखवू रिकामी होती म्हनून?"

बत्तीस वर्षांत इतकं नेमकं मला एकाही कारकुनानं सांगितलं नव्हतं.

"अन दुसरी किल्ली?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

आमच्या चार्जच्या यादीत शेवटून दुसरी ओळ होती: 'किल्ली, पितळी बिल्ल्यासह, एक.' कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. ही किल्ली माझ्या जुडग्यात होती. माझ्याआधीच्या साहेबांना मी विचारलं होतं, ही कशाची? ते म्हणाले, "यादीत आहे म्हणून आहे." मीही पुढं तेच सांगितलं. एकामागून एक सगळ्या शाखाधिकाऱ्यांनी ती किल्ली घेतली, ती दिली, आणि प्रत्येकानं खाली सही केली: तपासून घेतली. कुलूप कोणी बघितलं नाही. अशी चूक आम्ही बँकवालेच करू जाणो. दुसरा माणूस किल्ली हरवेल, फेकून देईल. आम्ही ती जिवापाड जपली आणि कुलूप विसरलो. या दुकानात मी कितीदा पर्स टेकवली, पर्समध्ये ती किल्ली, आणि पर्सच्या खाली तिचं कुलूप.

मला लाज वाटली. साधी सरळ लाज. मी चाचांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "जाऊ द्या. भिंत कवा पाडतेत ठाऊक हाये ना?"

"येत्या सोमवारी."

"मंग त्याच्या पह्यले सही होऊन जाऊ द्या. भिंत पडली, तिजोरी रस्त्यावर आली, अन माह्या कमरेले किल्ली. लोक काय म्हनतील? म्हातारा बँकेची तिजोरी दाबून बसला होता?"

एवढंच हवं होतं त्यांना. भाडं नको, सत्कार नको. आपल्या नावावर कोणाची अमानत न राहता दुकान खाली करता यावं. हातात चार दिवस होते.

अध्यक्षांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, "मॅडम, हे बाहेर बोलू नका. ऑडिटवाले काय म्हणतील? इतकी वर्षं बँकेची किल्ली बाहेरच्या माणसाजवळ!"

"बाहेरचा कोण? बँक त्यायच्या घरात होती."

"इतिहास वास्तूचा लिहा. शिंप्याचा नको."

"मग वास्तूच सांगते," मी म्हणाले. "पहिली वास्तू त्यायची हाये." आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला असता, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत.

मग शाखेत गेले. माझ्या खुर्चीवर आता जो तरुण शाखाधिकारी बसतो तो कामात हुशार आहे, कॉम्प्युटरवर त्याची बोटं भराभर चालतात, पण अध्यक्षांना फार घाबरतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, वरून लेखी आदेश आल्याशिवाय मी काही करू शकत नाही."

"आदेश राहू द्या. तुमच्या चार्जची यादी काढा."

त्यानं काढली. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही किल्ली तुम्ही घेतली?"

"हो. तुमच्याकडूनच."

"सही कशावर केली?"

त्यानं वाचलं. "तपासून घेतली."

"तपासली का?"

पोरगा लाल झाला. मला त्याची दयाही आली, कारण त्यानं माझ्या शब्दावर सही केली होती. खोटं आधी मी बोलले होते. म्हणून म्हटलं, "तुम्ही एकदा खोटी सही केली. मी दोनदा केली, घेताना एक आणि देताना एक. आता ऑडिटवाल्यानं विचारलं, ही किल्ली कशाची, तर काय सांगाल? आज निदान उत्तर आहे. सोमवारनंतर उत्तर रस्त्यावर पडलेलं असेल आणि गाव त्याचा फोटो काढेल."

त्यानं यादी मिटली. मग ड्रॉवर उघडून त्यानं जुडगं काढलं. पितळी बिल्ला तसाच होता, फक्त काळा पडला होता. "आत्ता जाऊ या का?" त्यानं विचारलं.

"आत्ता नको," मी म्हणाले. "त्यायले सांगून जाऊ. चार्ज आहे तो, उधारउसनवार नाही."

शनिवारी सकाळी दहाला गेलो. चाचांनी दुकानात एकही कपडा ठेवला नव्हता. मशीनवर झाकण घातलं होतं. स्वतः पांढरा शुभ्र सदरा, वर काळं जाकीट, दोन्हीला कडक इस्त्री. तिजोरीवरची घोंगडी-चादर घडी करून बाजूला ठेवली होती आणि हिरवं दार ओल्या फडक्यानं पुसलं होतं. मी दोन प्रतींत चार्जची यादी तयार करून आणली होती, मध्ये कार्बन घालून, हातानं लिहिलेली. संगणकावर नाही केली. मला तसंच बरं वाटलं.

शाखाधिकारी पुढं झाला आणि त्यानं डावीकडच्या भोकात किल्ली घातली. फिरेना.

"थांबा साहेब," चाचा म्हणाले. "पह्यले माही, मंग तुमची. अन तुमचं कुलूप उजवं."

त्यांनी कमरेचा दोरा सोडला. किल्ली घातली, अर्धी फिरवली, थांबले, उरलेली फिरवली. खटका वाजला. मग शाखाधिकाऱ्यानं उजवीकडे बिल्ल्याची किल्ली घातली. मला वाटलं होतं, आता गंज, आता लोहार, आता धिंगाणा. कुलूप लोण्यासारखं फिरलं.

"एवढं सोपं कसं काय?" तो म्हणाला.

चाचांनी मशीनशेजारची तेलाची कुपी दाखवली. "दर महिन्याले मशीनले तेल देतो. दोन थेंब याले. दोन्ही भोकायले."

दोन्ही. स्वतःच्या कुलपाला आणि आमच्याही. बँकेचं कुलूप बँकेनं विसरून टाकलं होतं, आणि त्यात दर महिन्याला तेल घालायचं काम एक माणूस करत होता. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. निवृत्तीच्या समारंभात सुद्धा मी रडले नव्हते.

दार उघडलं. दोन खण, तळाला लाल कापड अंथरलेलं, चाचांनीच कधीकाळी शिवून घातलेलं. बाकी काही नाही. शाखाधिकारी मोकळा होऊन म्हणाला, "रिकामी आहे. करू या सही."

"हात घालून पाहा," चाचा म्हणाले.

"दिसतंय ना चाचा."

"वरचा खन पाहा. खालचा पाहा. कापड उचलून पाहा."

"रिकामी आहे हे तुम्हाला तर ठाऊकच आहे!"

"मले ठाऊक हाये. सही तुमी करून राह्यले. तुमी पाहा."

पोरगा गुडघ्यावर बसला. वरच्या खणात हात फिरवला, खालच्या खणात फिरवला, कापड उचललं, खाली पाहिलं. मीही शेजारी बसले, गुडघे कुरकुरत असताना, आणि मीही हात घालून पाहिलं. माझ्या दोन सह्या त्या तिजोरीच्या नावावर होत्या. उशीर झाला असला तरी मला ते तपासायचंच होतं.

"लिहा," चाचा म्हणाले. "रिकामी."

मी लिहिलं. शाखाधिकाऱ्यानं सही केली. चाचांनी चष्मा पुसून लावला आणि उजवीकडून डावीकडे, त्याच बारीक अक्षरात, सही केली. दोन्ही प्रतींवर. शाखाधिकारी त्या सहीकडे बघून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "चालते. बँकेच्या फाईलला अशीच आहे. नमुना जुळतो." चाचांनी आपली प्रत घेतली, चार घड्या केल्या आणि जाकिटाच्या आतल्या खिशात घातली. मग किल्ली दोन्ही हातांनी पुढं केली आणि शाखाधिकाऱ्यानंही ती दोन्ही हातांनी घेतली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. अध्यक्ष आले होते. बातमी कोणी दिली कोण जाणे. दारात उभं राहून त्यांनी उघडी तिजोरी पाहिली, कागद पाहिला, चाचांकडे पाहिलं. राजकारणातला माणूस, कुठं उभं राहायचं ते त्यांना पटकन कळतं. "फोटोवाल्याले बोलवा," ते म्हणाले, आणि चाचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. स्मरणिकेत तो फोटो पहिल्या पानावर आहे. त्याखाली त्यांना 'एका छोट्याशा जागेत' असं हवं होतं. मी म्हटलं, मग उरलेली तीन पानं मी देत नाही. शेवटी 'टेलरच्या दुकानात' असंच छापून आलं.

सोमवारी जेसीबी आला आणि पुढची भिंत पडली. इतकी वर्षं अडकलेली तिजोरी आता सहज बाहेर आली. दार अरुंद आहे की रुंद हा प्रश्नच उरला नव्हता. चाचांनी उरलेल्या जागेत नवं शटर लावलं आणि लाकडाचं इस्त्रीचं टेबल केलं. ते म्हणतात, पाय हलतात त्याचे, पह्यल्यासारखी मजा नाई.

तिजोरी काचेच्या इमारतीत आहे, दारातून आत गेलं की डाव्या हाताला. तिच्यावर पितळी पाटी लावायची म्हणून अध्यक्षांनी ठरवलंय, ती अजून लागलेली नाही. तोवर किन्हीराजा गावचे लोक तिच्यावर पिशव्या ठेवतात आणि स्लिपा भरतात. उंची बरोबर पुरते. शिपाई हटकायला गेला तर मी त्याला हटकलं.

उद्‌घाटनाला चाचा आले होते. सगळ्यांना नारळ-शाल झाली, भाषणं झाली, मग आम्ही दोघं त्या तिजोरीपाशी उभे होतो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले, तिजोरी लावायची वेळ. चाचांचा हात सदऱ्याखाली कमरेपाशी गेला, तिथं चाचपडला, आणि रिकामा बाहेर आला. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मला तो चेहरा चांगला ठाऊक होता.

"तीन महिने लागतात चाचा," मी म्हणाले. "मग सवय जाते."

"जाऊ कायले द्यायची?" ते म्हणाले, आणि तोच हात त्यांनी तिजोरीच्या मुठीवर ठेवला, बंद आहे ना ते पाहायला.